परसातल्या कोंबड्या आणि मानमोडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा गिरणीसंपावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणीस क्षणभर गप्प राहिले. कोंबड्यांचा रोग हा विषय या व्यासपीठावर कसा शोभणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. तरीही त्यांनी तो मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आम्ही सांगणार ते पशुवैद्याचे व्याख्यान नव्हे. एका रोगाचा इतिहास, आणि त्या रोगापुढे गरिबाच्या घराने काय काय केले याचा हिशेब, एवढेच आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

गिरणीसंपाचा विषय मात्र अगदीच सुटलेला नाही. आमची गोष्ट तेथूनच सुरू होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांपैकी एक. दोनतीन महिन्यांत चाळीतले वाण्याचे खाते बंद झाले, आणि हजारो कुटुंबांप्रमाणे आमचेही बिऱ्हाड एस.टी.त बसून संगमेश्वर तालुक्यातल्या गावी आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. गावी भाताची थोडी खाचरे, एक गाय आणि आजीच्या अकरा कोंबड्या होत्या. संप संपेल आणि वडील पुन्हा साच्यावर उभे राहतील, या आशेवर घर चालले होते. पण चुलीवरचे तेलमीठ चालत होते ते या अकरा कोंबड्यांवर. आठवड्याला दहाबारा अंडी निघत. आई ती भाताच्या तुसात रचून बाजारी नेई आणि येताना तेल, मीठ, चहापूड आणि आमच्या वहीपेन्सिलीचे पैसे घेऊन येई. त्या पैशाला घरातला पुरुष हात लावत नसे. शेताचा पैसा घराचा आणि कोंबडीचा पैसा बाईचा, असा आमच्याकडचा अलिखित कायदा होता. कामगार कायद्याची बरीच कलमे आम्ही पुढे पाठ केली, पण इतके कसोशीने पाळले जाणारे कलम आम्हाला फारसे आढळले नाही.

मे महिन्यात शेजारच्या वाडीत कुणीतरी बाजारातून एक तलंग आणली. ती चार दिवसांत मेली. आठवडाभरात आमच्या कोंबड्या गळू लागल्या. पंख सोडून कोपऱ्यात बसायच्या, चोच उघडी टाकून श्वास घ्यायच्या, हिरवट पांढरी हगवण. मग एकेकीची मान वळू लागली. काही जणी मान पाठीवर टाकून गोल गोल फिरत. आजीने कांदा, लसूण, हळद, चुलीतली राख, सगळे करून पाहिले. आईने गावच्या राखणदाराला कोंबडा कबूल केला. पण कबूल केलेला कोंबडाच आधी गेला. दहा दिवसांत खुराडे रिकामे झाले. एक कोंबडी वाचली, तिची मान जन्मभर वाकडी राहिली. आजी एवढेच म्हणाली, "मानमोडी आली." ती जेव्हा यायची तेव्हा यायची, जशी वळवाची गारपीट. तिला कारण विचारण्याची रीत नव्हती.

कारण विचारण्याची सवय आम्हाला पुढे चळवळीने लावली. आणि विचारायला लागल्यावर असे दिसले की या कारणाच्या मागे एक मोठा इतिहास उभा आहे.

आधी नावाकडे पाहू. 'मानमोडी' हा शब्द आपल्याकडील वृद्धांना दुसऱ्याच अर्थाने ठाऊक होता. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाची जी जागतिक साथ आली, तिला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. माणूस मान टाकतो म्हणून मानमोडी. कोंबडीही मान टाकते, म्हणून तिच्याही रोगाला तेच नाव. नाव एक असले तरी हे दोन रोग वेगळे आहेत. कोंबडीच्या मानमोडीचा विषाणू इन्फ्लुएंझाच्या कुळातला नव्हे. माणसाला त्याने झालाच तर बहुधा चारदोन दिवस डोळे येण्याचा त्रास होतो. परंतु कोंबड्यांना खराखुरा इन्फ्लुएंझाही होतो, आणि त्याची हकीकत पुढे येणार आहे. दोघांची गल्लत शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षे केली, तेव्हा आमच्या आजीला दोष देण्याचे कारण नाही.

कोंबड्यांच्या रोगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १८७८ साली पेरोंचितो या इटालियन पंडिताने आपल्या देशात कोंबड्यांचे कळपच्या कळप मारणाऱ्या एका साथीचे वर्णन लिहून ठेवले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या पटकीवर काम करीत होते. ही पटकी जंतूमुळे होते; माणसाच्या पटकीशी तिचा नावापुरताच संबंध. तूलूझच्या तूसँ या पशुवैद्याकडून पाश्चरना तिचे जंतू मिळाले. प्रयोगशाळेत फार दिवस हवेत राहिलेल्या जंतूंचे पाणी कोंबड्यांना टोचले, तर त्या किंचित आजारी होऊन बऱ्या होतात. आणि मग ताजे, जहाल जंतू टोचले तरी मरत नाहीत, असे त्यांना दिसून आले. १८८० साली त्यांनी हे पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडले. सुट्टीवर जाताना पेला विसरला आणि शोध लागला, अशी कथा शाळेच्या पुस्तकांतून सांगतात. पुढे अभ्यासकांनी पाश्चरच्या टाचणवह्या वाचल्या, तेव्हा त्यामागे अनेक महिन्यांची चिकाटी आणि एमिल रू या सहकाऱ्याचा मोठा वाटा दिसून आला. कारखान्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांना याचे नवल वाटणार नाही. नाव एकाचे होते आणि पाळी अनेकांनी केलेली असते.

या प्रयोगाचे महत्त्व किती आहे पाहा. त्यापूर्वी जेन्नरची देवीची लस होती, पण ती निसर्गाने आयती दिलेली, गाईच्या देवीची. रोगाचे बीज प्रयोगशाळेत मुद्दाम निबर करून त्याचीच लस करायची, ही युक्ती प्रथम सिद्ध झाली ती कोंबडीच्या अंगावर. आपल्या मुलांना आज ज्या लसी टोचतात, त्यांतल्या कितीतरी लसींची आजी म्हणजे पाश्चरच्या खुराड्यातली ती कोंबडी होय.

पटकीचे जंतू सूक्ष्मदर्शकात दिसत. पेरोंचितोच्या साथीचे जंतू मात्र कुणाला दिसेनात. १९०१ मध्ये चेंतान्नी आणि साव्होनुत्सी या इटालियन संशोधकांनी दाखवले की, साधे जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही हे विष पार जाते. ज्याला आज आपण विषाणू म्हणतो, त्या वर्गातला हा एक. पुढे १९५५ साली जर्मनीच्या शेफर यांनी सिद्ध केले की, हा विषाणू इन्फ्लुएंझाच्या 'ए' जातीचाच आहे. वर्तमानपत्रे ज्याला बर्ड फ्लू म्हणतात तो हाच.

आता आपली मानमोडी. १९२६ साली जावा बेटावर, आजच्या इंडोनेशियात, कोंबड्यांत एक भयंकर साथ उद्भवली. क्रानेफेल्ट या डच पशुवैद्याने तिची नोंद केली. त्याच वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोळशाच्या बंदरासाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूकॅसल गावाजवळ तशीच साथ फुटली. डॉईल यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले की ही इटलीची जुनी साथ नव्हे. तिच्यातून वाचलेल्या पक्ष्याला हिच्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यांनी तिला तात्पुरते म्हणून गावाचे नाव दिले आणि तेच जगभर चिकटले. आणि १९२७ मध्येच हिमालयाच्या पायऱ्यांवरील राणीखेत या छावणीच्या गावी कोंबड्या पटापट मरू लागल्या. हे गाव आज उत्तराखंडात आहे. पुढे ताडून पाहता न्यूकॅसलचा रोग आणि राणीखेतचा रोग एकच निघाला. म्हणून आपल्या सरकारी कागदांवर आजही त्याला 'राणीखेत' म्हणतात.

एक बेट, एक बंदर आणि एक छावणी. तिन्ही ठिकाणे नकाशावर पाहिली म्हणजे एक गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाच्या लगेच ध्यानात येते. जेथे जहाजे लागतात, जेथे पलटणीला पुरवठा जातो, जेथे दूरदूरचा माल एकत्र येतो, तेथे हा रोग प्रथम डोळ्यांत भरला. त्याआधी तो कुठल्या खेड्यात कितीदा येऊन गेला असेल, याची नोंद ठेवायला तेथे कुणी नव्हते. १९१८ ची मानमोडी बंदरातून आली आणि आगगाडीने गेली. कोंबड्यांची मानमोडी आमच्या वाडीत आठवडी बाजारातून आली. व्यापाराची वाट हीच रोगाची वाट. बाजार बंद करता येत नाही. वाटेवर पहारा मात्र बसवता येतो.

हा पहारा कुणी उभारला याची कथा पुण्यापासून सुरू होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८८९ साली जी प्रयोगशाळा काढली, ती पुण्याच्या सायन्स कॉलेजात. हे कॉलेज म्हणजे पुढचे इंजिनिअरिंग कॉलेज. डॉ. लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. गुरांच्या बुळकांडीसारख्या जहाल रोगांचे जंतू भरवस्तीत हाताळणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तेथील थंडी आणि एकांत या कामाला सोयीचे होते. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे तेथे येऊन गेले. राणीखेत मुक्तेश्वरहून फार दूर नाही. त्यामुळे १९२७ ची साथ आली तेव्हा तिचा अभ्यास करणारी मंडळी हाकेच्या अंतरावर होती.

पण रोग ओळखणे एक आणि त्याची लस करणे दुसरे. विषाणू नुसत्या रश्शात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. येथे पुन्हा कोंबडीच मदतीला आली. १९३१ मध्ये अमेरिकेत ॲलिस वुडरफ आणि गुडपाश्चर यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू उबवत्या अंड्यात वाढवून दाखवला. उबवते अंडे म्हणजे विषाणूसाठी स्वस्त, स्वच्छ आणि बंद खोली. या युक्तीने पुढे माणसांच्या इन्फ्लुएंझाची आणि पीतज्वराची लस तयार झाली. मुक्तेश्वरला हॅडो आणि इदनानी यांनी राणीखेतचा विषाणू अशाच अंड्यांतून पुन्हा पुन्हा काढून मवाळ केला, आणि १९४६ मध्ये त्याची लस जाहीर केली. सहा ते आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्याला ती पंखाखाली टोचली की त्याला मानमोडीपासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. त्याहून मवाळ अशा 'लासोटा' आणि 'एफ' या लसी अमेरिकेत आणि इंग्लंडात निघालेल्या जातींपासून झाल्या. त्या आठवड्याच्या पिलाच्याही डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबभर घालता येतात. महाराष्ट्रात पुण्याला औंध येथील सरकारी संस्था जनावरांच्या लसी बनवते.

येथे श्रोते विचारतील, लस १९४६ सालची, मग १९८२ साली तुमच्या आजीचे खुराडे रिकामे का झाले? हा प्रश्न आम्हीही स्वतःला अनेक वर्षे विचारला. त्याचे उत्तर शास्त्रात नाही. ते बाटलीत आहे.

ही लस कोरड्या पुडीच्या रूपात लहान बाटलीत येते. एका बाटलीत बहुधा शंभर किंवा दोनशे मात्रा असतात. ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी लागते. एकदा पाणी घालून पातळ केली की ऊन लागू न देता दोनेक तासांत संपवावी लागते, नाहीतर ती निकामी होते. हजार कोंबड्यांचे शेड असलेल्या मालकाला यात अडचण कसलीच नाही. बाटल्या आणल्या, एका सकाळी टोचल्या, काम झाले. पण ज्या बाईच्या परसात सात कोंबड्या आहेत, तिने शंभर मात्रांची बाटली घेऊन काय करावे? उरलेल्या त्र्याण्णव मात्रा कुणाला टोचाव्यात? बर्फ कोठून आणावा? लस महाग म्हणून खेड्यात पोचली नाही असे म्हणता येत नाही. ती एकट्याच्या मापाची बनवलेली नव्हती, म्हणून पोचली नाही.

या काळात दुसरीकडे फार मोठी घडामोड झाली. १९६० नंतर, आणि विशेषतः सत्तरच्या दशकापासून, आपल्या देशात कुक्कुटपालनाचा कारखानदारी धंदा उभा राहिला, आणि पुणे हे त्याचे एक मुख्य ठाणे झाले. १९८२ साली, म्हणजे आमचे वडील संपावर होते त्याच वर्षी, अंडी उत्पादकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली. व्यापाऱ्याने पाडलेल्या भावाला कंटाळून त्यांनी ठरवले की अंड्याचा भाव यापुढे आपण जाहीर करू. संघटनेचे हे मोठे यशस्वी उदाहरण आहे, आणि आमच्यासारख्या युनियनवाल्याने त्याचे कौतुकच केले पाहिजे. त्या शेडांतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आमच्या आजीची गावठी कोंबडी पन्नाससाठ देई, मध्येच खुडूक होऊन रवणीला बसे आणि पिले काढी. शेडातल्या कोंबडीला पिलूपणापासून ठरल्या दिवशी ठरली लस मिळते. परसातली कोंबडी मात्र उकिरडा उकरून स्वतःचे पोट स्वतः भरते, आणि तिच्या आजाराची कुणाच्या दप्तरात नोंद नसते. संघटित कामगार आणि असंघटित कामगार यांच्यात जो फरक आम्ही रोज पाहतो, तोच हा फरक.

आता आमचीच एक चूक सांगतो. २०१२ सालची गोष्ट. आम्ही ज्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, तिच्या कडेच्या वस्तीत कंत्राटी कामगारांची घरे आहेत. पुरुषांना महिन्याचे वीस दिवस काम मिळते, उरलेले दहा दिवस बायकांच्या कोंबड्या निभावून नेतात. तेथे मानमोडी शिरल्याचे कळताच आम्हाला १९८२ चे खुराडे आठवले. धावतपळत दोन बाटल्या आणल्या, एका ओळखीच्या टोचणाऱ्याला घेतले आणि एका दुपारी घरोघर फिरून दिसेल ती कोंबडी टोचली. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या बहुतेक कोंबड्या मेल्या. बायका आमच्या कचेरीवर आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमच्या सुईनं मेल्या." त्यानंतर वर्षभर त्या वस्तीत आमच्या सभेला बायका आल्या नाहीत.

चूक आमची होती, लसीची नव्हती, हे आम्ही पुढे पशुवैद्यांच्या पायाशी बसून समजून घेतले. लस अंगात संरक्षण निर्माण करायला दहापंधरा दिवस घेते. ज्या पक्ष्याच्या अंगात रोग आधीच शिरला आहे, त्याला ती वाचवू शकत नाही. शिवाय एकच सुई घरोघर फिरवून आम्ही आजारी खुराड्यातला रोग निरोगी खुराड्यात नेऊन पोचवला. जंतांनी पोखरलेल्या अशक्त कोंबड्यांना ती टोचायची लस झेपत नाही, तेही आम्ही पाहिले नव्हते. आणि दुपारच्या उन्हात बाटली खिशात घेऊन फिरलो, ते वेगळेच. आग लागल्यावर विहीर खणायला गेलो आणि खणलेली माती आगीवर न टाकता शेजाऱ्याच्या घरावर टाकली, असा तो प्रकार झाला.

दुसऱ्या वर्षी आम्ही सभा घेतली नाही. आधी त्याच बायकांच्या दारी जाऊन चूक कबूल केली. मग त्यांच्यापैकीच एका मावशींनी पुढाकार घेतला. चौदा घरांनी आपापल्या कोंबड्या मोजल्या. त्या छप्पन्न भरल्या. शेजारच्या वाडीतल्या चाळीस मिळून शंभरीच्या जवळ आकडा गेला, म्हणजे एक बाटली भरली. साथ नसताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी, माघ महिन्यात दिवस ठरवला. तीन आठवडे आधी जंताचे औषध दिले. वेळ संध्याकाळची ठरली, कारण कोंबड्या आपण होऊन खुराड्यात येतात आणि ऊन नसते. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने बर्फाचा डबा दिला. प्रत्येक घराला उकळलेली वेगळी सुई. पिलांना डोळ्यात थेंब. खर्च माणशी इतका थोडा आला की वर्गणी मागताना आम्हालाच संकोच वाटला. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात मानमोडी येऊन गेली. या वस्तीतल्या तीन कोंबड्या मेल्या, त्या टोचणीच्या दिवशी झाडावर बसलेल्या. मावशींनी हा हिशेब बोटांवर मोजून आम्हाला सांगितला. पुढच्या वर्षी झाडावर एकही कोंबडी राहिली नाही.

हे काही आमचेच डोके नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता सोसणाऱ्या लसीच्या जाती खास खेड्यांसाठी तयार केल्या. मोझांबिक, टांझानिया या आफ्रिकी देशांत गावातल्याच माणसांना, त्यांत पुष्कळ स्त्रियांना, डोळ्यात थेंब घालण्याचे शिक्षण दिले आणि वर्षातून ठरलेल्या महिन्यांत गावेच्या गावे एकाच वेळी लस घेऊ लागली. तेथेही अडचण तीच होती आणि उपायही तोच: एकट्याचे माप सोडून गावाचे माप धरणे.

येथवरची कथा मानमोडीची. तिच्यावर लस आहे, म्हणून तिचा शेवट आपल्या हाती आहे. दुसऱ्या रोगाची, म्हणजे खऱ्या इन्फ्लुएंझाची गोष्ट अधिक कठीण आहे. १९९७ साली हाँगकाँगमध्ये कोंबड्यांचा इन्फ्लुएंझा प्रथमच थेट माणसांत उतरून जीव घेऊ लागला. अठरा माणसे आजारी पडली, सहा दगावली. तेथील सरकारने दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये हा रोग भारतात प्रथम आढळला, तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले आणि लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातही तेच झाले. २००८ च्या आरंभी पश्चिम बंगालात साथ आली, तेव्हा तिचा तडाखा मुख्यतः परसातल्या कोंबड्यांना बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याची बातमी आपण वाचली असेल.

या रोगात बाधित जागेभोवतीचे सारे पक्षी मारावे लागतात, निरोगी दिसणारेसुद्धा. हे क्रूर वाटते, पण माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे ते करावे लागते, हे आम्ही मान्य करतो. सरकार भरपाईही देते. परंतु आम्ही एक गोष्ट विचारात घ्यावी अशी विनंती करतो. वाडीत कोंबड्या मेल्या तर ती बातमी सर्वांत आधी कुणाला कळते? खुराड्याचे दार उघडणाऱ्या बाईला. तिने लगेच कळवले तर साथ एका वाडीत थांबेल. तिने कोंबड्या माळ्यावर दडवल्या किंवा रातोरात बाजारात विकल्या, तर ती तालुकाभर जाईल. ती काय करील हे तिच्या मनातल्या एकाच प्रश्नावर अवलंबून आहे: कळवले तर माझे नुकसान भरून मिळेल की पंचनाम्याच्या कागदावर माझे नावच नसेल? शेडाच्या मालकाकडे पावत्या असतात. परसातल्या सात कोंबड्यांची पावती कोणाकडे असते? अपघाताची बातमी दडपणारा कामगार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. तो लबाड नसतो. कळवले तर आपलेच काम जाईल, हे त्याने अनुभवाने शिकलेले असते. बाईचा विश्वास हा साथीविरुद्धचा पहिला पहारा आहे, आणि तो साथ आल्यावर उभारता येत नाही. तो साथ नसताना, माघातल्या त्या संध्याकाळी, एका बाटलीभोवती उभारावा लागतो.

शहरातल्या श्रोत्यांचा यात काय संबंध, असे कुणी म्हणेल. आपण गावठी अंडे मुद्दाम मागून, दोन पैसे जास्त देऊन घेता. ते ज्या परसातून येते ते परस टिकावे, यात आपलाही स्वार्थ आहे. आणि करण्यासारखे काही फार अवघडही नाही. बाजारातून आणलेला पक्षी दोनतीन आठवडे वेगळा ठेवावा. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये. चुना घालून खोल पुरावी. आजारी पक्षी विकू नये, आणि अनेक पक्षी एकदम मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लसीची बाटली चारपाच वाड्यांनी मिळून आणावी. आपल्या गावच्या सोसायटीने, तरुण मंडळाने किंवा वाचनालयाने वर्षातून एक संध्याकाळ आणि बर्फाचा एक डबा एवढे दिले तरी पुष्कळ काम होईल.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि आमचे वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. आजीने मात्र त्या वाकड्या मानेच्या कोंबडीखाली दिवाळीनंतर शेजारणीकडून उसनी आणलेली नऊ अंडी ठेवली. सात पिले निघाली. त्यांच्यातून पुन्हा खुराडे भरले, आणि आमची दहावीची परीक्षेची फी त्या अंड्यांतून भरली गेली. दोन वर्षांनी मानमोडी पुन्हा आली आणि पुन्हा सारे घेऊन गेली. तेव्हा लस निघून जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. ती आमच्या वाडीपर्यंत आणण्याचे काम आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, आणि आजपासून ते आपल्यालाही ठाऊक झाले, म्हणून आम्ही हा विषय निवडला.